थरथरत्या हातांसाठी कीबोर्ड : पालघर-बोईसरमध्ये खर्च किती?

हात थरथरतो म्हणून नवा कीबोर्ड घ्यायला निघणार असाल, तर दुकानात जाण्याआधी अर्धा तास घरच्या कॉम्प्युटरसमोर बसा. या अर्ध्या तासाला पैसा पडत नाही, आणि पुढे दोनशे रुपये खर्चायचे की पाच हजार, हे त्यातच ठरतं. आपल्या पट्ट्यात तारापूर औद्योगिक वसाहतीत, अणुऊर्जा केंद्रात नाहीतर सरकारी कचेरीत कॉम्प्युटरवर काम करून निवृत्त झालेली माणसं पुष्कळ आहेत. कुणी सोसायटीचा हिशेब सांभाळतं, कुणी घरून जीएसटीची कामं करतं, कुणी गावाकडच्या जमिनीचे अर्ज लिहीत असतं. हात कापायला लागला की घरातले मायेनंच म्हणतात, 'आता राहू द्या ते.' बहुतेक वेळा राहू देण्याची काहीच गरज नसते. कीबोर्ड हाताला जुळवून घेता येतो आणि त्यातला मोठा भाग फुकट आहे.

एक गोष्ट मात्र त्याआधीची. हात अलीकडेच, एकाएकी किंवा एकाच बाजूचा थरथरू लागला असेल तर पहिली फेरी डॉक्टरांकडे. वाढलेला थायरॉइड, दम्याचा पंप, फिटच्या किंवा मनाच्या आजाराच्या काही गोळ्या यांनीही कंप येतो, आणि तो कारण दूर झाल्यावर कमी होतो. थायरॉइडची रक्ततपासणी काहीशे रुपयांत होते. ती न करता कीबोर्डवर खर्च करू नये.

आता तो अर्धा तास. नोटपॅड उघडा आणि 'तारापूर' हा शब्द दहा वेळा टाइप करा. मग 'पालघर' दहा वेळा, मग ५,५०,००० ही रक्कम दहा वेळा. चुका खोडू नका, प्रिंट काढा किंवा स्क्रीनचा फोटो घ्या. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर चुका फार बोलक्या असतात. 'ततारापूर' किंवा 'ताारापूर' झालं, म्हणजे बोट योग्य बटणावर पडलं, पण कंपामुळे तेच बटण दोनदा दाबलं गेलं. 'तारापूरररर' झालं, म्हणजे बोट बटणावरून वेळेत उचललं गेलं नाही. 'ताकापूर' किंवा 'तापापूर' झालं, म्हणजे बोटाचा नेमच चुकला, कारण र च्या दोन्ही बाजूंना क आणि प ची बटणं आहेत. आणि 'पालगर' झालं तर शिफ्ट निसटलं आहे. ग आणि घ एकाच बटणावर असतात, घ साठी शिफ्ट धरून ठेवावं लागतं. 'तारापूर'ला शिफ्ट एकदाही लागत नाही, म्हणून हे दोन शब्द वेगवेगळे टाइप करायचे.

या चार चुकांचे चार वेगळे उपाय आहेत आणि त्यांचा खर्चही वेगळा आहे. पहिल्या दोन चुका आणि शेवटची फुकटात सुटतात. नेम चुकत असेल तरच खिशात हात घालावा लागतो. दुकानदार हा फरक विचारत नाही, तो 'मोठ्या बटणांचा' किंवा 'गेमिंगचा' कीबोर्ड पुढे करतो.

फुकटातलं काम

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल उघडून 'ईझ ऑफ अ‍ॅक्सेस सेंटर'मध्ये जा. तिथे कीबोर्ड वापरायला सोपा करण्याचा पर्याय आहे, त्यात 'फिल्टर कीज' सापडतील. एकच बटण दोनदा उमटत असेल तर त्यातलं 'बाउन्स कीज' निवडा आणि वेळ अर्धा सेकंद ठेवा. म्हणजे एकदा र दाबल्यावर पुढच्या अर्ध्या सेकंदात र पुन्हा दाबला गेला तरी कॉम्प्युटर तो मोजत नाही. अर्धाच सेकंद का, याला कारण आहे. पार्किन्सनचा, म्हणजे आपण कंपवात म्हणतो त्या आजाराचा, कंप साधारणपणे सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो. हाताने काही करायला गेलं की वाढणारा आणि बऱ्याच घरांत पिढीजात चालत आलेला जो कंप असतो, ज्याला डॉक्टर इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, तो सेकंदाला ४ ते १२ वेळा होतो. म्हणजे दोन हेलकाव्यांत पाव सेकंदापेक्षा जास्त अंतर सहसा नसतं. अर्ध्या सेकंदाची गाळणी दोघांनाही पुरते. वेळ दोन सेकंदांपर्यंत वाढवता येतो, पण तसं केल्यावर टायपिंग इतकं संथ होतं की माणूस कंटाळून सगळंच बंद करतो.

बोट बटणावर रेंगाळून 'रररर' उमटत असेल तर त्याच पानावर 'रिपीट कीज आणि स्लो कीज' आहे. तिथे सगळी पुनरावृत्ती दुर्लक्षित करण्याचा पर्याय निवडा. स्लो कीज ही वेगळी सोय आहे. बटण ठरावीक वेळ दाबून धरलं तरच अक्षर उमटतं, जाता जाता घासलेली शेजारची बटणं गळून पडतात. ती ०.३ सेकंदापासून सुरू करा. बाउन्स आणि स्लो यांपैकी एका वेळी एकच चालतं, म्हणून प्रिंटवर कोणत्या चुका जास्त आहेत ते आधी मोजायचं. शिफ्टसाठी 'स्टिकी कीज'. शिफ्ट दाबून सोडलं तरी पुढच्या बटणापर्यंत ते धरलेलं राहतं, त्यामुळे एका बोटानेही घ, भ, श, ळ टाइप करता येतात. यात एक खाच आहे. दोन बटणं एकदम दाबली गेली की स्टिकी कीज आपोआप बंद होण्याची खूण आधीपासून केलेली असते. थरथरत्या हाताने दोन बटणं एकदम दाबली जाणारच, तेव्हा ही खूण काढून टाका. ती न काढल्यामुळे 'हे काही चालत नाही' म्हणून सोडून देणारे बरेच असतात.

उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की फिल्टर कीज चालू होतात, आणि शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज विचारतात. याची उलट बाजूही माहीत हवी. हात टेकवताना उजवं शिफ्ट चुकून दाबलं गेलं आणि आलेली सूचना घाईत मान्य केली, की कीबोर्ड अचानक 'मेला' असं वाटतं. नवा कीबोर्ड आणण्याआधी ही शक्यता तपासून पाहा. ज्यांना हे शॉर्टकट नकोत त्यांनी त्यांच्या खुणा काढून ठेवाव्यात.

हे सगळं लावून द्यायला घरात कुणी नसेल तर कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला घरी बोलवा. भेटीचे साधारण तीनशे ते पाचशे रुपये घेतात. या सोयी विंडोजमध्ये आधीपासूनच असतात, त्यासाठी 'सॉफ्टवेअर टाकण्याचे' वेगळे पैसे देऊ नका. कोणती सोय किती सेकंदांवर ठेवली आहे ते कागदावर लिहून कीबोर्डच्या पोटाशी चिकटवा. विंडोज पुन्हा टाकावी लागली तर तो कागद पुढची फेरी वाचवतो.

मराठी टाइप करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. बाउन्स कीज लावल्यावर एकच बटण लागोपाठ दोनदा हवं असेल तर मध्ये अर्धा सेकंद थांबावं लागतं. इन्स्क्रिप्टमध्ये असं क्वचित होतं. 'काका', 'मामा' यांत मध्ये काना येतो, 'पक्का'मध्ये हलन्त येतो. 'ममता', 'शशी', 'ननंद' अशा मोजक्याच शब्दांत थांबायची वेळ येते. रोमनमधून मराठी लिहिणाऱ्यांचं तसं नाही. 'काम'साठी दोन ए लागोपाठ हवे असतात, आणि गाळणी त्यातला एक खाते. त्यांनी एकच ए टाइप करून खाली सुचवलेला शब्द निवडावा, किंवा सरळ इन्स्क्रिप्ट शिकावं. इन्स्क्रिप्ट विंडोजमध्ये फुकट आहे आणि बटणांवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. मोठ्या, ठसठशीत अक्षरांचे घ्या; थरथर आणि मोतीबिंदू एकाच वयात भेटतात.

हिशेब लिहिणाऱ्यांची अडचण अधिक गंभीर आहे, कारण 'ततारापूर' वाचणाऱ्याला कळतं, पण ५५,००० च्या जागी ५,५०,००० गेले तर कळत नाही. टॅली किंवा एक्सेलवर काम करणाऱ्यांनी बाउन्स कीज लावूनच बसावं, मग प्रत्येक शून्याला अर्धा सेकंद थांबावं लागलं तरी चालेल. आकड्यांचा सुटा कीपॅड तीनशे ते सहाशे रुपयांत मिळतो आणि तो डाव्या हाताशीही ठेवता येतो. कंप अनेकदा एका हाताला जास्त असतो, अशांना याचा फार उपयोग होतो. फक्त त्यावर दोन शून्यांचं एकच बटण आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका. त्या बटणातून दोन शून्यं लागोपाठ सुटतात आणि गाळणी दुसरं शून्य गिळते.

पासवर्डच्या रकान्यात तर काय उमटलं तेही दिसत नाही. अक्षरं दाखवणारं डोळ्याचं चिन्ह दाबूनच पासवर्ड टाका, नाहीतर चुकीचे प्रयत्न मोजले जाऊन बँकेचं खातं अडकून बसतं.

विकत घ्यायचं झालं तर

इथले भाव साधारण आहेत. ब्रँड, दुकान आणि ऑनलाइन सेल यांनुसार ते इकडेतिकडे होतील. नेहमीचा वायरचा कीबोर्ड चारशे ते सातशे रुपयांना पालघर आणि बोईसर स्टेशनजवळच्या दुकानांत सहज मिळतो. थरथरत्या हातासाठी त्यात तीन गोष्टी पाहा. तो जड असावा आणि खाली रबराचे पाय असावेत, म्हणजे सरकत नाही. पाय गुळगुळीत असतील तर कपाटात अंथरायची जाळीदार रबरी चटई पन्नास-शंभर रुपयांत आणून खाली घाला. वायरचाच घ्या, वायरलेस हलका असतो, मांडीवरून घसरतो आणि सेल संपत आला की अक्षरं गाळतो, मग दोष हाताचा की कीबोर्डचा हे कळत नाही. आणि बटण दाबायला थोडा जोर लागला पाहिजे.

या शेवटच्या मुद्द्यावर सर्वात जास्त पैसे वाया जातात. मेकॅनिकल कीबोर्ड दीड ते साडेतीन हजारांत येतात. बटणाखालच्या स्विचच्या रंगावरून त्यांची जात ओळखतात. गेमिंगसाठी लोकप्रिय असलेले लाल स्विच हलक्या स्पर्शाने दाबले जातात, बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं. थरथरत्या हाताला ते नकोत. निळ्या स्विचला थोडा जास्त जोर लागतो आणि बटण लागलं की बोटाला खट्ट असं कळतं, कानालाही ऐकू येतं. त्यामुळे खोलवर दाबत बसावं लागत नाही. टीव्हीएसचा गोल्ड हा कचेऱ्यांत वर्षानुवर्षं दिसणारा कीबोर्ड याच खटखट जातीचा. माझं मत विचाराल तर, फुकटातल्या सोयी लावून महिनाभर काम केल्यावरही हलका स्पर्श त्रास देत असेल तरच हा खर्च करा, आणि दुकानात स्वतः बोटं चालवून पाहिल्याशिवाय करू नका. पालघर-बोईसरच्या दुकानांत नमुने थोडेच मांडलेले असतात. चार प्रकार हाताळून पाहायचे तर मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड गाठावा. लोकलचं सेकंड क्लासचं एका वेळचं तिकीट पन्नास रुपयांच्या आत आहे.

जुना मेकॅनिकल कीबोर्ड घरात असेल तर तो आधी दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घ्या. झिजलेला स्विच स्थिर हाताखालीही अक्षर दोनदा उमटवतो, आणि समुद्राची खारी हवा असलेल्या आपल्या भागात हा संशय घ्यायलाच हवा.

छिद्रांची पट्टी

नेम चुकत असेल, बोट एका बटणाकडे जाऊन भलत्याच बटणावर पडत असेल, तर उपाय आहे कीगार्ड. कीबोर्डवर बसणारी ही पारदर्शक पट्टी, प्रत्येक बटणावर एक छिद्र. तळहात पट्टीवर टेकवता येतो, बोट सरकवत न्यायचं आणि हव्या त्या छिद्रात उतरवायचं. शेजारचं बटण चुकून दाबलं जात नाही. परदेशातून मागवलेली पट्टी तुमच्या कीबोर्डच्या मापाची असेलच असं नाही आणि टपालखर्च पट्टीच्या किमतीशी बरोबरी करतो. ती इथेच करून घेता येते. अ‍ॅक्रिलिकच्या नावाच्या पाट्या आणि दुकानांचे बोर्ड करणारे लेझर कटिंग करून देतात, त्यांच्यासाठी हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

माप असं घ्या. चपट्या बटणांचा, शक्यतो लॅपटॉपसारखा कीबोर्ड निवडा. उंचसखल बटणांवर पट्टी नीट बसत नाही. तो झेरॉक्सच्या काचेवर उपडा ठेवून शंभर टक्के आकारात प्रत काढा. पूर्ण कीबोर्ड सुमारे ४४ सेंटीमीटर लांब असतो आणि ए-थ्री कागद ४२ सेंटीमीटरचा, म्हणून दोन प्रती काढून जोडाव्या लागतील. नेहमीच्या कीबोर्डवर दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर १९ मिलिमीटर असतं; जोडलेल्या प्रतीवर पट्टी लावून ते जुळतंय का पाहा, नाहीतर झेरॉक्सने आकार बदलला आहे असं समजा. छिद्र १४ मिलिमीटर व्यासाचं सांगा, म्हणजे दोन छिद्रांमध्ये ५ मिलिमीटरची भिंत उरते. बोट जाड असेल तर १५. स्पेस, एंटर आणि शिफ्टला लांबट खाच. अ‍ॅक्रिलिक ३ मिलिमीटर जाडीचं पुरतं. चार कोपऱ्यांना आणि मध्ये दोन ठिकाणी छोटे ठोकळे लावून पट्टी बटणांच्या माथ्यापासून दोन मिलिमीटर वर राहील असं बसवा; टेकलेली पट्टी हात ठेवताच बटणं दाबते. चिकटवायला वेल्क्रो वापरा, म्हणजे काढून धूळ पुसता येते.

पहिल्या फटक्यात अ‍ॅक्रिलिक कापू नका. त्याच आराखड्यावर आधी जाड पुठ्ठा कापून घ्या, एक आठवडा वापरा, कुठलं छिद्र अडतं त्यावर पेनाने खूण करा आणि मग पक्की पट्टी करा. आराखडा काढण्याचे दोनशे ते पाचशे, अ‍ॅक्रिलिक आणि कटिंगचे चारशे ते सातशे, असा एकूण हजाराच्या आगेमागे खर्च धरा. आराखड्याची फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या. पट्टी तुटली तर आराखड्याचे पैसे पुन्हा द्यावे लागत नाहीत. छिद्रांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यायला सांगा, उतारवयातली कातडी लगेच सोलवटते.

माउसबद्दल थोडक्यात. ज्यात माउस जागेवर राहतो आणि अंगठ्याने गोळा फिरवायचा असतो तो ट्रॅकबॉल साडेतीन ते पाच हजारांत मिळतो, पण त्याआधी विंडोजमध्ये माउसचा वेग कमी आणि डबल क्लिकचा वेळ जास्त करून पाहा. कोपर टेबलावर टेकेल एवढी खुर्ची वर घ्या. अधांतरी हात जास्त थरथरतो. मनगटाला वजनाचा पट्टा बांधण्याचा सल्ला कुणी दिला तर तो थेरपिस्टला विचारूनच बांधा, काहींना फायदा होतो, काहींचा खांदा दुखतो.

लांब मजकूर बोलून लिहिणं हाही एक मार्ग आहे. गुगल डॉक्समध्ये आणि फोनच्या गुगल कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करता येतं, पैसे पडत नाहीत, इंटरनेट लागतं. पार्किन्सनमध्ये आवाज बारीक होतो, तेव्हा तोंडाजवळ माइक येणारा तीनशे-पाचशेचा हेडसेट घ्या. बोलून लिहायचं आणि फक्त दुरुस्तीपुरता कीबोर्ड वापरायचा, ही वाटणी बऱ्याच जणांना झेपते.

हे सगळं एकट्याने ठरवणं जड वाटत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट हा त्यातला माणूस. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था आहे, महालक्ष्मी स्टेशनवरून जाता येतं. केईएम आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांतही हे विभाग आहेत. जाताना 'तारापूर', 'पालघर'ची ती प्रिंट बरोबर न्या. पार्किन्सन असलेल्यांसाठी मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यात पार्किन्सन मित्रमंडळ काम करतं.

नोकरीत असाल तर खर्च तुम्हीच करावा असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ रोजी. त्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सनचं नाव आहे. इसेन्शियल ट्रेमरचं नाही, पण यादीत दीर्घकालीन मज्जाविकारांचा गट उदाहरणादाखल लिहिलेला आहे, तेव्हा डॉक्टरांशी बोलून अर्ज करून पाहावा. सरकारी कार्यालयाने दिव्यांग कर्मचाऱ्याला सोयीचं वातावरण द्यायचं असतं, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून त्याला काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. २० किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी कंपनीनेही समान संधीचं धोरण जाहीर करून ते राबवण्यासाठी अधिकारी नेमायचा असतो. औद्योगिक वसाहतीतल्या अनेक कारखान्यांना हे लागू पडतं. एक पानी अर्ज करा, त्यात 'कीगार्ड, अंदाजे एक हजार रुपये' असं नेमकं लिहा. मोघम मागणी फायलीत पडून राहते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड असेल तर ग्रामपंचायतीत किंवा पालघरकरांनी नगरपरिषदेत दिव्यांगांसाठीच्या राखीव निधीची चौकशी करावी. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग त्यासाठी खर्चायचा असतो.

काहीही घेतलंत तरी बिल घ्या. कीबोर्डवर १८ टक्के जीएसटी आहे. 'बिलाशिवाय स्वस्त देतो' म्हणणाऱ्याकडून घेतलात तर वॉरंटीचा दावा करताना हातात काही राहत नाही. हात थरथरतो म्हणून आठ दिवस वापरून पाहायचा आहे, जमला नाही तर बदलून द्याल का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि 'हो' म्हटलं तर बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन घेताना परतीची मुदत किती दिवसांची आहे आणि पैसे परत मिळतात की फक्त वस्तू बदलून मिळते, ते पाहून मागवा. खोकं उघडताना फोनवर व्हिडिओ काढा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.